डांबर वितळतं, पण पातळ राहत नाही

दारव्ह्याकडून आमच्या गावाला येणाऱ्या रस्त्याचं काम यंदा पौषात निघालं. पहाटे पिंपाचा पत्रा कापून मजुरानं डांबरावर कुऱ्हाड घातली, तर ढेकूळ काचेसारखं तडकलं. खाली जाळ लावल्यावर तेच डांबर काकवीसारखं झारीतून ओघळू लागलं. संध्याकाळी कडेला सांडलेला थेंब पुन्हा दगड.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर कच्च्या तेलाचं जे जाड, काळं उरतं ते हे डांबर. काही ठिकाणी जमिनीतलं तेलच याच्या वळणाचं असतं. कॅनडातलं अथाबास्का, व्हेनेझुएलातलं ओरिनोको, आणि आपल्याकडे राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातलं बाघेवाला. तेलाचा हलकेपणा 'एपीआय' अंशांत मोजतात. पाणी 10 अंशांवर. साधारण 22 च्या खालचं तेल जड, आणि 10 च्याही खाली गेलं तर ते पाण्यात बुडतं.

असं तेल काढायला विहिरीत वाफ सोडतात. ही युक्ती 1959 मध्ये व्हेनेझुएलात मेने ग्रांदे इथं अपघातानं हाती लागली. तेल पुढे रेटायला सोडलेली वाफ जमिनीतून वर फुटली, म्हणून दाब उतरवायला विहिरी उघडल्या, आणि त्यांतून तेलच जोमानं आलं! तेव्हापासून वाफ सोडायची, विहीर बंद करून मुरू द्यायची, मग उपसायचं, असा फेरा चालतो. एका पिंप तेलामागे अनेकदा दोन ते पाच पिंप पाण्याची वाफ लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हा आकडा टोचतोच.

एवढं करूनही तेल निवलं की पुन्हा घट्ट. असं का, हे समजायला धुऱ्यावरचा पऱ्हाट्यांचा ढीग आठवा. एक काडी ओढली की अख्खा ढीग हलतो, कारण फांद्या एकमेकींत अडकलेल्या. जड तेलात 'अस्फाल्टीन' नावाचे मोठाले रेणू असेच गुंतलेले असतात. उष्णता म्हणजे ढीग हलवणं. हलवणं थांबलं की तो पुन्हा बसतो. फांद्याच छाटल्या तर?

छाटायची जागा असते गंधकाची. कार्बन आणि गंधक यांच्यातला बंध तुलनेनं कच्चा. 200 ते 300 अंश सेल्सियसला पाणी आणि वाफ तो हळूहळू तोडतात. लोह, निकेल, कोबाल्ट किंवा मॉलिब्डेनमची संयुगं उत्प्रेरक म्हणून घातली तर काम वेगानं होतं. पण तुटलेली टोकं मोकळी राहत नाहीत, एकमेकांना धरून आणखी मोठा रेणू बनवू पाहतात. त्यांना चटकन हायड्रोजन मिळाला पाहिजे. थोडा पाण्यातून मिळतो, उरलेल्यासाठी टेट्रालिन किंवा फॉर्मिक आम्लासारखा दाता सोबत देतात. गंधक बाहेर पडतं ते सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड होऊन. हा वायू जीवघेणा असतो, त्यामुळे विहिरीच्या तोंडाशी त्याचा बंदोबस्त आधी.

असं छाटलेलं तेल थंड झाल्यावरही आधीपेक्षा पातळ राहतं, आणि माझ्या लेखी खरी कमाई हीच.

प्रयोगशाळेतल्या बंद भांड्यात हे छान जमतं. जमिनीखाली मात्र रसायन खडकाच्या कणांना चिकटून विहिरीजवळच अडतं. पाटाचं पाणी सरीच्या तोंडाशीच जिरावं आणि शेवटचं झाड कोरडं राहावं, तसं. म्हणून आता तेलातच विरघळणारी धातूंची संयुगं वापरून पाहतात, म्हणजे औषध तेलाबरोबर मिसळून आत दूरवर पोचेल.