जीपीएस आला, तरी हेलिकॉप्टरमधलं डॉप्लर का गेलं नाही?

महूच्या छावणीत लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत रडार-उपग्रहांच्या गप्पा काही परक्या नाहीत. त्यात एक शंका हमखास निघते: साधा मोबाइल आपली जागा काही मीटरच्या अंदाजाने सांगतो, मग लष्करी हेलिकॉप्टरमध्ये अजून डॉप्लर रडार कशाला? शंका रास्त आहे. पण तिच्यामागचा ‘जुनं गेलं, नवं आलं’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. उपग्रहावरून जागा शोधायची कल्पना मुळात डॉप्लर परिणामातूनच सुचली: लहरी सोडणारा किंवा ऐकणारा हलत असला, की लहरींची कंपनसंख्या बदललेली भासते.

ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 साली प्रागमध्ये हा परिणाम मांडला, तो जोड-ताऱ्यांच्या रंगांबद्दल बोलताना. 1957च्या ऑक्टोबरात स्पुटनिक फिरू लागला, तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या गायर आणि वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशाची बदलती कंपनसंख्या टिपून कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ मॅक्‌क्ल्युअर यांनी गणित उलटं केलं: कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल. त्यातून अमेरिकी नौदलाची ‘ट्रान्झिट’ यंत्रणा उभी राहिली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह 1960चा. पाणबुडीला ती पुरली. पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबायला उडत्या यंत्राला कुठे सवड?

हेलिकॉप्टरसाठी तोवर दुसरीच वाट निघाली होती. तीन किंवा चार रडारझोत तिरपे जमिनीवर सोडायचे आणि परतलेल्या लहरींची कंपनसंख्या किती बदलली ते मोजायचं. वापरायचा पट्टा साधारण 13.3 गिगाहर्ट्झचा. ताशी 180 किलोमीटर वेगाला हा फरक जेमतेम दीड हजार हर्ट्झ भरतो, तरी पुढचा, बाजूचा आणि वर-खालचा वेग त्यातून नेमका निघतो. हेलिकॉप्टरला याची गरज विमानापेक्षा जास्त, कारण ते आडवं सरकतं, मागे येतं, अधांतरी थांबतं. आणि कमी वेगात पंख्याच्या झोतामुळे हवेवरून वेग मोजणारी नळी भरवशाची राहत नाही. सोव्हिएत एमआय-8 हेलिकॉप्टरवर ‘डीआयएसएस-15’ नावाचं असं डॉप्लर रडार होतं. आपल्या नौदलात 1971 साली आलेल्या सी किंग हेलिकॉप्टरला समुद्रावर एका जागी थांबून पाण्यात सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, सोडावा लागे. तेही डॉप्लरच्या आधारे. अमेरिकी सेनेच्या ब्लॅक हॉक आणि अपाचे हेलिकॉप्टरांवर ‘एएन/एएसएन-128’ हे डॉप्लर रडार आलं. जमिनीवर कुठलंही केंद्र लागत नाही, ही यातली खरी मौज.

खोट मात्र मूळ पद्धतीतच आहे. डॉप्लर वेग सांगतं, जागा नाही. निघालेल्या ठिकाणापासून वेगाची बेरीज करत जागा काढायची, म्हणजे चूकही साठत जाते. शिवाय नाक कुठल्या दिशेला आहे हे रडारला कळत नाही. ते जायरो (दिशा धरून ठेवणारं यंत्र) किंवा होकायंत्राकडून घ्यावं लागतं. इंदूर ते भोपाळ सरळ रेषेत सुमारे 170 किलोमीटर. दिशेत एकच अंश चुकला, तर भोपाळला पोचेपर्यंत आपण जवळपास 3 किलोमीटर बाजूला. पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. इंदिरा सागरसारखा जलाशय वारा पडलेला असताना आरशासारखा वागतो, झोत पुढेच परावर्तित होतो आणि रडारच्या हाती काही लागत नाही.

म्हणून वैमानिक मधूनमधून ओळखीच्या खुणेवरून जाऊन जागा दुरुस्त करत. 17 जानेवारी 1991च्या पहाटे, आखाती युद्ध सुरू होताना, इराकी वाळवंटात अशी खूण नव्हती. सीमेजवळची रडारकेंद्रं उडवायला निघालेल्या अपाचेंकडे डॉप्लर होतं. वाट दाखवणाऱ्या अमेरिकी पेव्ह लो हेलिकॉप्टरांकडे जीपीएसही होता. पेव्ह लोंनी ठरलेल्या जागी चमकणाऱ्या रासायनिक कांड्या टाकल्या, अपाचेंनी त्यांच्यावरून जाताना आपली जागा दुरुस्त केली आणि पुढे गेले. उपग्रह आणि डॉप्लर यांची सांगड त्या रात्री अशी हाताने घातली गेली! त्याच दशकात आलेल्या ‘एएन/एएसएन-128बी’मध्ये जीपीएस रिसीव्हर डॉप्लरसोबत एकाच यंत्रणेत बसला.

अशा सांगडीमागचं गणित रुडॉल्फ काल्मान यांच्या 1960च्या निबंधातलं: दोन्ही साधनांवर त्या-त्या क्षणी किती विश्वास ठेवायचा, हे सतत नव्याने ठरवणं. जीपीएसची चूक अंतराबरोबर वाढत नाही, म्हणून तो डॉप्लरचं भरकटणं आवरतो. दरीत उपग्रह डोंगराआड गेले की डॉप्लर मधला वेळ निभावून नेतं. वैमानिकाला तिन्ही पर्याय राहतात: एकत्रित, फक्त जीपीएस, फक्त डॉप्लर.

शेवटचा पर्याय शोभेचा नाही. उपग्रहाचा संदेश 20,000 किलोमीटरवरून येतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाखाली दबलेला असतो. तो दाबून टाकायला शत्रूला फार शक्ती लागत नाही. मे 2000पर्यंत तर अमेरिकाच नागरी जीपीएस मुद्दाम ढोबळ करत असे. किल्ली दुसऱ्याच्या हाती असण्याचं दुखणं भारताने नाविक या स्वतःच्या उपग्रह-यंत्रणेने कमी केलं, त्याचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013ला गेला. पण संदेश नाविकचाही तितकाच क्षीण. डॉप्लरचा झोत मात्र खाली, जवळच्या जमिनीकडे जातो. तो दुरून दाबणं अवघड. हेलिकॉप्टर स्वतः लहरी सोडतं, तेव्हा ते पकडलं जाण्याचा थोडा धोका राहतो, एवढंच. आणि उपग्रह गप्प झाले की सगळा भार पुन्हा त्या दिशादर्शक जायरोवर येतो. त्यामुळे नव्या यंत्रणांत खर्च आणि डोकं जास्त तिथेच लागतं.