ऑइल सील बदलण्याआधी

जुन्या गाडीचं इंजिन तेल गाळू लागलं की पहिला संशय ऑइल सीलवर, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर. सील बदललं जातं, थोडे दिवस बरे जातात आणि गाडीखाली पुन्हा तोच काळा डाग! अशा वेळी सील बिचारं निर्दोष असू शकतं. आत कोंडलेला दाब तेलाला बाहेर रेटत असतो.

पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, जळालेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद भागात, उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफही. एक किलो पेट्रोल जळलं की एक किलोहून जास्त पाणी तयार होतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट, लोण्यासारखा थर दिसतो तो याच पाण्याचा. (रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या पत्र्याच्या सीलकडे बघा.)

पूर्वी हा वायू नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६०च्या दशकात अमेरिकेत तो इंजिनातच परत ओढून जाळायची पद्धत रुळली आणि त्यासाठी पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व आला. आत एक स्प्रिंग, एक सरकती सोंगटी, बस्स. आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ जोरात असते. ती सोंगटीला खेचून वाट अरुंद करते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ओढ घटते, स्प्रिंग सोंगटीला मागे ढकलते आणि वाट रुंदावते. वायू जास्त उतरतो तोही तेव्हाच. मला तरी ही युक्ती फार आवडते.

काजळीने व्हॉल्व बंद अडकला, तर दाब साठतो: टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण) तेलाने ओलं होतं, एअर फिल्टरमध्ये तेल येतं, कधी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) वर उचलली जाते. उघडा अडकला, तर जादा हवा आत शिरून आयडलिंग बिघडतं.

इंजिन बंद असताना व्हॉल्व काढून कानाशी हलवा. बहुतेक चांगले व्हॉल्व खुळखुळतात; आवाज नसेल तर सोंगटी अडकलेली असू शकते. मग पाइपला जोडून इंजिन आयडलिंगवर ठेवा आणि मोकळ्या तोंडावर बोट धरा. ओढ जाणवायला हवी. नसेल तर पाइप तुंबलाय किंवा चिरलाय. जुनं रबर आतून फुगून वाट बुजवतं, वरून मात्र धडधाकट दिसतं!

सगळं ठीक असूनही ऑइलच्या तोंडातून धूर भकाभक येत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा जादा दाब. सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) गेजने मोजा, स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला, तर रिंगा गेल्या.