एकच नाणे दोनदा खर्चू नये म्हणून

संगणकावरच्या कोणत्याही गोष्टीची नक्कल फुकटात होते. फोटो दहा जणांना पाठवला तरी मूळ फोटो पाठवणाऱ्याकडे राहतोच, आणि दहावी प्रतही पहिलीइतकीच अस्सल असते. पैशाला नेमके हेच परवडत नाही. डिजिटल चलन घडवणाऱ्यांची चाळीसेक वर्षे मुख्यतः या एका अडचणीशी झगडण्यात गेली. तिला ‘दुहेरी खर्चाचा प्रश्न’ म्हणतात.

बँकेच्या ॲपवरून पैसे पाठवताना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे चलन जागचे हलतच नाही. एका बँकेच्या वहीत वजाबाकी होते, दुसऱ्या बँकेच्या वहीत बेरीज, आणि बँका आपसातला हिशेब सवडीने मिटवतात. खात्यात दिसणारा आकडा म्हणजे बँक आपले किती देणे लागते त्याची नोंद. डिजिटल चलनात मात्र हातातली नोट द्यावी तसे मूल्यच एकाकडून दुसऱ्याकडे जावे, अशी अपेक्षा असते.

डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये यावर एक देखणी युक्ती मांडली: आंधळी सही. कोऱ्या नोटेवर आपणच क्रमांक टाकायचा, ती कार्बन कागदासह पाकिटात बंद करायची आणि पाकीट बँकेला द्यायचे. बँक पाकिटावर सही करते, ती आत नोटेवर उमटते, पण क्रमांक बँकेला दिसत नाही. पुढे ती नोट वटवायला आली की बँक स्वतःची सही ओळखते. ती कोणाला दिली होती हे मात्र तिला सांगता येत नाही. प्रत्यक्षात हे सारे पाकिटाऐवजी गणिताने होते. दुहेरी खर्च टाळण्यासाठी बँक वटलेल्या क्रमांकांची यादी ठेवते. चॉमच्या ‘डिजिकॅश’ कंपनीने हे बाजारात आणले, पण १९९८ मध्ये तिचे दिवाळे निघाले.

यादी कोणीतरी विश्वासू माणसाने ठेवायची, हे गृहीतक २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्याने मोडले. त्याने मांडलेल्या ‘बिटकॉइन’ या डिजिटल चलनाची वही सगळ्यांकडे असते. नवे पान जोडण्याचा हक्क मिळवण्यासाठी संगणकांना अब्जावधी अंदाज करून एक विशिष्ट आकडा शोधावा लागतो. जुनी नोंद बदलायची तर त्यानंतरच्या प्रत्येक पानासाठी ही मेहनत पुन्हा करावी लागेल, म्हणून फसवणूक परवडत नाही. पान सरासरी दहा मिनिटांनी जोडले जाते. जास्त संगणक आले तरी वेग वाढत नाही, कारण दर २०१६ पानांनी कोडे आपोआप अवघड होते!

इथेच रोजच्या वापराचे गणित चुकते. या वहीत सेकंदाला जेमतेम सात व्यवहार बसतात, आणि मोठ्या रकमेबाबत खात्री हवी तर सहा पाने जोडली जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, थांबण्याचा प्रघात आहे. गल्ल्यापाशी उभ्या गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? यावर तोडगा म्हणून बिटकॉइनवर उभारलेल्या ‘लाइटनिंग नेटवर्क’मध्ये दोघेजण काही रक्कम एकत्र अडकवून ठेवतात, आपसातले व्यवहार सह्या करून वहीबाहेर मिटवतात आणि शेवटचा हिशेबच तेवढा वहीत चढवतात. वेग आला, पण भावातली चढउतार राहिलीच. म्हणून डॉलरशी बांधलेली ‘स्टेबलकॉइन’ नाणी आली. त्यांची खरी ताकद मागे ठेवलेल्या गंगाजळीत असते. टेरायूएसडी या नाण्याचा भार मुख्यतः लूना या जोडीच्या नाण्यावर होता. मे २०२२ मध्ये दोन्ही काही दिवसांत कोसळली.

माझ्या मते, रोजच्या देण्याघेण्यासाठी अविश्वासाची इतकी किंमत मोजायची गरजच नसते. नोट आपण बिनदिक्कत घेतो, कारण मध्यवर्ती बँकेवर विश्वास असतो. तोच धागा धरून बहामाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सँड डॉलर’ हे मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन आणले आणि भारताने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य वापरासाठी ई-रुपयाची चाचणी सुरू केली. इथे कोडी सोडवावी लागत नाहीत, त्यामुळे विजेची उधळण नाही आणि वाट पाहणेही नाही. मात्र वही सांभाळणाऱ्याला कोणाचे किती व्यवहार दिसावेत, हे आता गणिताने नव्हे तर कायद्याने ठरवावे लागते.

सर्वांत अवघड राहते ते नेटवर्क नसतानाचे देणे. वही तपासताच येत नसेल, तर हे नाणे आधीच खर्च झालेले नाही कशावरून? एक मार्ग म्हणजे फोनमधली अशी सुरक्षित चिप, जी आतल्या मूल्याची नक्कल करू देत नाही. दुसरा मार्ग चॉम, फियाट आणि नाओर यांनी १९८८ मध्ये दाखवला. नाणे घेणारा काही यादृच्छिक प्रश्न विचारतो आणि देणाऱ्याचा फोन उत्तरे देतो. एका वेळच्या उत्तरांतून काहीच कळत नाही. तेच नाणे दुसऱ्यांदा दिले, तर दोन वेळची उत्तरे जोडून देणाऱ्याची ओळख जवळजवळ हमखास उघडी पडते. प्रामाणिक माणूस अनामिक राहतो, लबाड सापडतो. पण सापडतो तो नंतर, नाणे वटवायला गेल्यावर. तोवर माल घेऊन तो पसार झालेला असू शकतो, म्हणून ऑफलाइन खर्चायच्या रकमेवर मर्यादा घालण्याकडेच योजना आखणाऱ्यांचा कल असतो.