लेटमार्क

लेटमार्क म्हणजे कामाची ठरलेली वेळ टळून गेल्यावर आलेल्या माणसाच्या हजेरीवर पडणारी खूण. शब्द बाहेरून आला पण आता आपलाच झालाय, आपल्याकडे लेटमार्क 'लागतो', जशी ठेच लागते तसा.

पूर्वी हे सगळं मस्टरवर चालायचं. टेबलावर मस्टर उघडं असायचं, सही करायची आणि जागेवर जायचं, वेळ संपली की शिपाई ते उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेणार, मग उशिरा आलेल्याला आत जाऊन साहेबांसमोर सही करावी लागायची आणि नावापुढे लाल पेनाची खूण पडायची. आता थंब मशीन किंवा चेहरा ओळखणारं मशीन आलंय. पण ज्यांचं हातानेच काम आहे, गवंडी, भांडी घासणारे, सफाईवाले, त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेतच नाही, बोट शर्टाला पुसून, फुंकर मारून चार चार वेळा लावावं लागतं आणि माणूस दारात वेळेवर उभा असून उशीर त्याच्याच नावावर जातो. हे मला फार चुकीचं वाटतं.

राज्य सरकारी ऑफिसात 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हा वेळ 9:45 ते 6:15 ठरली आणि शिपायांसाठी 9:30 ते 6:30. म्हणजे कुलूप उघडणारा सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो.

बऱ्याच ठिकाणी पाचदहा मिनिटांची सूट असते आणि तीन लेटमार्कला एक किरकोळ रजा किंवा अर्धा दिवस कापतात. आऊट पंच, म्हणजे निघतानाची मशीनवरची नोंद, राहिला तर त्याचा वेगळा अर्ज. पण पगार कापायचा तर मर्यादा आहे, आणि हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवं. वेतन प्रदान कायदा, 1936 नुसार गैरहजेरीची कपात जेवढा वेळ माणूस नव्हता त्याच्या प्रमाणातच करता यायची, आता त्याच्या जागी आलेल्या वेतन संहिता, 2019 मध्येही तेच आहे, म्हणजे दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार 'गैरहजेरी' म्हणून कापणं यात बसत नाही. दंड हा वेगळा प्रकार, तो पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये आणि आधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. अर्थात दुसरी बाजूही आहे, औद्योगिक आस्थापनांच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे नोकरीच्या नमुना नियमांमध्ये, वारंवार उशिरा येणं हे गैरवर्तन धरलंय, त्यावरून चौकशी लागू शकते.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये तर उशिराची किंमत त्याच दिवशी कळायची. भोंगा झाला की गेटवर बदली कामगार उभेच असायचे, कायम माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर (मागावर) बदलीवाला लागायचा आणि त्या दिवसाची मजुरी त्याची.

उलट बाजूची नोंद मात्र कच्ची राहते. कारखान्यात ठरलेल्या तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो, कारखाना अधिनियम, 1948 मध्ये ही मर्यादा दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांची होती, पण ऑफिसात रात्री आठ वाजता पंच करून निघालेल्या माणसाच्या नावापुढे त्याच मशीनमध्ये कुठलीच खूण पडत नाही.