गोदामाचा पत्रा, रात्रीचा ट्रक आणि ऑफ-पीकची भानगड

भिवंडीजवळ मानकोली नाक्यावरून नाशिक हायवेला लागलात की दोन्ही बाजूंना पत्रेच पत्रे दिसतात. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडा, सगळी गोदामं. ही गोदामं इथेच का आली? जकातीमुळे. मुंबईची हद्द ओलांडली की जकात भरायची, मग माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा थोडा थोडा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं कुठे जातात, उलट अजून मोठी झाली. थोडक्यात आज इलेक्ट्रिक ट्रक चार्ज करायला सोलरवाले ज्या छपरांकडे आशेने बघतात ती एका जुन्या कराने आपल्याला दिलीयत.



हिशोब असा, एक किलोवॅट सोलरला साधारण १०० चौरस फूट जागा आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, जून-जुलैत बरंच कमी. म्हणजे लाखभर चौरस फुटांच्या शेडवर एक मेगावॅट बसतं, दिवसाला चारेक हजार युनिट. छोटा हत्तीचं बॅटरीवालं मॉडेल वीस-एकवीस युनिटात फुल होतं, तर कंटेनर ओढणाऱ्या जड ट्रकला एका वेळी तीनशे युनिट सहज लागतात. एका छपरावर दोनशे छोटे हत्ती नाहीतर तेरा-चौदा मोठे ट्रक, असं धरा.

सरकारी बाजू झटपट सांगतो. २०१० ला राष्ट्रीय सौर मिशन आलं तेव्हा लक्ष्य होतं २० गिगावॅट, २०१५ ला ते १०० केलं आणि त्यातले ४० छपरांवर, २०२२ पर्यंत. छपरांवरचे ४० काही झाले नाहीत. व्यापारी मंडळींनी सुरुवातीला पॅनल लावले ते पर्यावरणाच्या प्रेमाने नाही तर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून कर वाचवता यायचा म्हणून, तो एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. मग ओपेक्सवाले आले, पॅनल त्यांचे, छप्पर तुमचं, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या. २०२० च्या ३१ डिसेंबरला केंद्राने नियम काढला की नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणं) फक्त १० किलोवॅटपर्यंत, म्हणजे कमर्शियलवाले सगळे बाहेर, त्यावर एवढी ओरड झाली की सहा महिन्यांत ती मर्यादा ५०० किलोवॅट करावी लागली. हे सगळं होईपर्यंत ट्रकचा विषयसुद्धा कोणी काढत नव्हतं.

आता खरी भानगड. पत्रा वीज बनवतो दिवसा, ट्रक तेव्हा रस्त्यावर असतो आणि रात्री परत येऊन चार्जिंगला लागतो. दिवसाची वीज रात्रीपर्यंत ठेवायची कुठे? स्वतःची बॅटरी घ्यायची तर खर्च, म्हणून सगळे ग्रिडलाच बँक समजून चालले होते आणि राज्याच्या २०१५ च्या नेट मीटरिंग नियमात तशी सोयही होती. वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकाचं ज्या स्लॉटमध्ये युनिट बनलं ते आधी त्याच स्लॉटच्या वापरातून वजा करायचं, आणि उरलं तर ते ऑफ-पीकमध्ये, म्हणजे मागणी कमी असते त्या वेळेत, बनलं असं समजायचं. तेव्हा ऑफ-पीक म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, वर त्या वेळेला युनिटमागे दीड रुपया सूट. म्हणजे दुपारी एकला बनलेलं युनिट कागदावर रात्री दोनचं व्हायचं. उरलेलं युनिट सगळ्यात स्वस्त वेळेला लागतंय म्हणून काही जण तेव्हाही कुरकुरायचे, पण रात्री गाडी चार्ज करणाऱ्याला याहून काय पाहिजे होतं.

मग २०२५ ला राज्य वीज नियामक आयोगाचे महावितरणसाठी दराचे आदेश आले. मार्चच्या शेवटी एक आला, काही दिवसांत त्याला स्थगिती, जूनच्या २५ ला दुसरा, १ जुलैपासून लागू. त्यात ऑफ-पीक झालं सकाळी ९ ते संध्याकाळी ५, आणि संध्याकाळी ५ ते रात्री १२ महाग. शब्द तोच, फक्त घड्याळ फिरवलं! त्या आदेशाप्रमाणे दुपारी उरलेलं युनिट दुपारच्याच वापरातून वजा होणार, रात्रीच्या चार्जिंगला त्याचा उपयोग नाही, वर्षाअखेर शिल्लक राहिलं तर तुटपुंजा दर. ऑफिसांना काही फरक नाही, त्यांचा एसी दिवसाच चालतो. मार बसला तो तीन पाळ्यांच्या कारखान्यांना, कोल्ड स्टोरेजला आणि रात्री गाड्या चार्ज करणाऱ्यांना.

महावितरणचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं नाही. शेतीपंपांसाठी राज्यभर सोलर उभं राहतंय, दुपारी वीज स्वस्त आणि भरपूर, संध्याकाळी टंचाई, मग तुमचं दुपारचं युनिट घेऊन रात्रीचं महाग युनिट आम्ही का द्यावं. पटतं. पण ज्याने जुन्या नियमावर चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतील असं धरून कर्ज काढलं त्याचं काय? नवीन येणाऱ्यांना नवा नियम लावला असता तर एवढं बोंबलायचं कारण नव्हतं. उद्योगवाले कोर्टात गेले ते उगाच नाही.

दुसरी अडचण कोणी फारशी बोलत नाही. नेट मीटरिंगची मर्यादा छपरावर नाही, मंजूर भारावर, म्हणजे जोडणीवर जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे त्यावर ठरते. गोदामात असतं काय, ट्यूबलाइट, पंखे, एखादी लिफ्ट. छप्पर मेगावॅटचं आणि मंजूर भार पन्नास किलोवॅट. चार्जर बसवले तर भार वाढवून मिळतो, पण त्याबरोबर डिमांड चार्जेस, म्हणजे त्या भारावरचा ठरावीक आकारही वाढतो, ट्रक उभे असोत नसोत. शिवाय मालक गावातला, भाडेकरूचा करार तीन-पाच वर्षांचा आणि सोलरचा पंचवीस वर्षांचा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर तर पॅनल बसवायला माणूस चढवायचीही भीती.

ट्रकच्या बाजूने गोष्टी उशिरा हलल्या. एप्रिल २०१८ ला केंद्राने स्पष्ट केलं की चार्जिंग म्हणजे वीज विकणं नाही, ती सेवा आहे, त्यामुळे लायसन्सची कटकट गेली. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या अनुदान योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवले, जुलै २०२५ च्या नियमांप्रमाणे एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख, पण जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट हवं. आणि ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर ई-कार आणि ई-बसला टोल माफ झाला, मालवाहू गाड्या मात्र त्यातून वगळल्या, का ते विचारू नका.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्हावाशेवा बंदरात बॅटरी बदलता येणारे जड ट्रक आले. ट्रक फेऱ्या मारत असताना काढलेली बॅटरी स्टेशनवर दिवसाच चार्ज होऊ शकते, ९ ते ५ मध्येच.