तीन यंत्रांचं बहुमत

एक भाग बंद पडला तरी संगणक चालू राहावा म्हणून तोच भाग जादा बसवून ठेवायचा, ही पद्धत जवळपास संगणकाइतकीच जुनी. ती आली नाइलाजातून. सुरुवातीच्या यंत्रांतले रिले (विजेवर उघडझाप करणारे स्विच) आणि व्हॅक्यूम ट्यूब (तेच काम करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) कधी दगा देतील याचा नेम नसे.

प्रागमध्ये अंतोनिन स्वोबोदा यांनी उभारलेला 'सापो' हा संगणक १९५७ मध्ये सुरू झाला. त्यात हजारो रिले होते. म्हणून स्वोबोदांनी आकडेमोडीचे एकसारखे तीन विभाग ठेवले. प्रत्येक गणित तिघांनी करायचं, दोघांचं जुळलं तर तेच उत्तर धरायचं. तिघांची तीन उत्तरं आली तर गणित पुन्हा. एवढा बंदोबस्त करूनही १९६० मध्ये सापो जळाला. रिलेच्या ठिणगीने वंगणाचं तेल पेटलं, असं सांगतात. आगीपुढे बहुमत काय करणार!

अमेरिकेत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ च्या व्याख्यानांत हाच प्रश्न गणिताने मांडला होता. बहुमताचा कौल देणारा भागच बिघडला तर काय, हेही त्यांनी विचारात घेतलं. पुढे सॅटर्न-५ रॉकेटच्या संगणकात तर्कमंडलाचे (आकडेमोड करणाऱ्या विद्युत जोडणीचे) सात टप्पे पाडून प्रत्येक टप्पा तिहेरी केला आणि प्रत्येक टप्प्यावर बहुमत घेतलं. १९७६ पासून टँडेम कंपनीची, एक भाग बिघडला तरी चालू राहणारी 'नॉनस्टॉप' यंत्रं बँकांमध्ये जाऊ लागली आणि जादा भागांचा हा खर्च व्यवहारातही परवडू लागला.

स्पेस शटलमध्ये चार संगणक एकाच सॉफ्टवेअरवर चालत. पाचव्यावर मुद्दाम वेगळ्या चमूने लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. पण जादा यंत्रांचा मेळ घालणं हेच एक नवं दुखणं. १० एप्रिल १९८१ रोजी पाचव्याचं घड्याळ उरलेल्या चौघांशी जुळेना आणि पहिलं उड्डाण दोन दिवस लांबलं.

तरीही पाचव्याच्या सॉफ्टवेअरचा वेगळेपणा किती मोलाचा होता, हे ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान-५ रॉकेटने दाखवलं. त्यात दिशा सांगणारी दोन यंत्रं होती, पण एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-४ चं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावेना. आधी राखीव यंत्र बंद पडलं. ७२ मिलिसेकंदांनी मुख्य यंत्रही त्याच कारणाने गेलं.