महामार्ग रुंदीकरणात जमीन जाते आहे? हरकत कुठे, कशी आणि किती दिवसांत नोंदवायची

शेतात खुणेचे दगड लागले की गावात चर्चा सुरू होते. हरकतीची मुदत मात्र दगडांवरून मोजत नाहीत, ती राजपत्रावरून मोजतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ए खाली भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली की त्या तारखेपासून २१ दिवसांत हरकत नोंदवावी लागते. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापणे बंधनकारक आहे आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. पण वर्तमानपत्रातली जाहिरात राजपत्रानंतर काही दिवसांनी येऊ शकते. म्हणून दिवस मोजताना राजपत्राचीच तारीख धरा. मोजणीची माणसे शिवारात दिसू लागली असतील, तर प्रांत कार्यालयात अधूनमधून चौकशी करत राहा.

हरकत कोण घेऊ शकतो? जमिनीत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती. सातबारावर नाव असलेला मालक तर आलाच, पण सहहिस्सेदार, वारस आणि कुळ यांनीही आपला हक्क कागदाने दाखवून अर्ज द्यावा. वारस नोंद रखडली असेल तर तिच्यासाठी थांबू नका. मृत्यू दाखला जोडा आणि फेरफारासाठी दिलेल्या अर्जाची पोच लावा.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. महाराष्ट्रात बहुधा हे काम प्रांताधिकारी किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी पाहतात. कायद्याने ठरावीक नमुना दिलेला नाही, पण अर्ज लेखी आणि कारणांसह हवा. सोबत ताजा सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार, मोजणी नकाशाची प्रत, ओळखपत्र आणि अधिसूचनेतील आपल्या गट नंबराचे पान जोडा. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडे किंवा घर जात असेल तर तारखेसह फोटो लावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीच्या दिवशी हरकत मुदतीत दिली होती, हे त्या पोचेवरूनच सिद्ध होते.

अर्जात काय लिहायचे, इथेच सर्वाधिक चुका होतात आणि त्यांची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. २१ दिवसांत द्यायची ही हरकत कलम ३सी खाली येते आणि ती जमिनीच्या नियोजित वापराविरुद्ध असते. ‘भाव कमी मिळेल’ असे लिहिले तर तो मुद्दा या टप्प्यावर विचारातच घेतला जात नाही. ‘रस्ता दुसरीकडून न्या’ एवढेच लिहिणेही पुरत नाही. आखणी ठरवणे हे तज्ज्ञांचे काम आहे, त्यात न्यायालयांनी सहसा पडू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेतली आहे. त्यापेक्षा नेमकी अडचण मांडा. उदाहरणार्थ: ‘रस्ता झाल्यावर माझी विहीर पूर्वेला आणि उरलेली जमीन पश्चिमेला राहते. पाइपलाइन व बैलगाडी ओलांडण्यासाठी नकाशात मोरी किंवा भुयारी मार्ग दाखवलेला नाही. ओढ्याचे पाणी भरावामुळे अडून गटात तुंबेल.’ गट नंबर किंवा क्षेत्र चुकले असेल तर तेही इथेच लिहा. स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हरकतीवरचा त्याचा आदेश या कायद्याखाली अंतिम असतो.

पर्यावरणविषयक जनसुनावणी ही वेगळी प्रक्रिया आहे आणि ती प्रत्येक रुंदीकरणाला लागू होत नाही. ढोबळमानाने, १०० किलोमीटरपेक्षा लांबीचे राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण असेल आणि सध्याच्या आखणीवर ४० मीटरपेक्षा किंवा वळणरस्त्यावर ६० मीटरपेक्षा जास्त रुंदीची जादा जमीन लागत असेल, तर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांच्या अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. बोलण्यासाठी जमीन जात असण्याची अट नाही. रस्त्यालगतचे रहिवासी, दुकानदार, शाळेत मुले पाठवणारे पालक अशा सगळ्या स्थानिक बाधितांना बोलता येते आणि लेखी निवेदनही देता येते. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले जाते, तोवर सभेतून उठू नका. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभे राहून नोंदवायला सांगा. मंजुरीचा विचार करणारी तज्ज्ञ समिती पुढे हीच नोंद वाचते.

हरकती निकाली निघाल्यावर कलम ३डी ची घोषणा होते आणि जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी सरकारकडे जाते. ३ए नंतर वर्षभरात ही घोषणा झाली नाही तर मूळ अधिसूचना रद्द ठरते. न्यायालयाची स्थगिती असेल तर तेवढा काळ या वर्षात धरत नाहीत.

भावाचा प्रश्न यानंतर, कलम ३जी मध्ये येतो. त्यासाठी वेगळी जाहीर सूचना निघते आणि दावे मागवले जातात. जमिनीचे दोन तुकडे झाल्याने होणारे नुकसानही तिथे मागता येते. ठरलेली रक्कम मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करावा. भावाभावांत वाटणीचा वाद असेल तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते. मोबदल्याची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा झाल्यावरच ताब्याची लेखी नोटीस काढता येते आणि नोटीस मिळाल्यापासून जमीन सोडायला ६० दिवस मिळतात. पीक उभे असेल तर नोटीस हातात पडलेली तारीख लिहून ठेवा.